वंशवृक्षाचे गणित

नाशिकजवळच्या पांडवलेणी डोंगरात दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात एक मोठा शिलालेख आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी उषवदात नावाच्या क्षत्रप अधिकाऱ्याने तो कोरवून घेतला. आपण केलेल्या दानधर्माची यादीच त्याने त्यात दिली आहे. लोकांना फुकट पलीकडे जाता यावे म्हणून कोणत्या नद्यांवर होड्या ठेवल्या, तेही सांगितले आहे. त्या नद्यांत तापी आणि दमण यांच्या जोडीला 'डहाणुका' असे एक नाव येते. आज पश्चिम रेल्वेच्या डहाणू रोड स्टेशनवर उतरून जी माणसे खाडीकाठच्या जुन्या गावाकडे जातात, त्यांच्या गावाच्या नावाची ही फार जुनी नोंद आहे.

परंतु आज आपल्याला पाहायची आहे ती नदी नव्हे. उषवदाताने स्वतःची ओळख कशी करून दिली, ते पाहायचे आहे. तो दीनिकाचा मुलगा आणि नहपान राजाचा जावई असे लेखात म्हटले आहे. त्याच लेण्यात त्याची पत्नी दक्षमित्रा हिने एक खोली दान दिल्याचा लेख आहे. तिथे ती नहपानाची मुलगी आणि उषवदाताची पत्नी म्हणून येते. हे दोन लेख शेजारी ठेवा. वरच्या ओळीत दीनिक आणि नहपान, खालच्या ओळीत उषवदात आणि दक्षमित्रा, अशी चार नावे रेषांनी जोडता येतात. झाला की नाही एक छोटासा वंशवृक्ष?

गावात एखादा नवखा मुलगा दिसला की म्हातारी माणसे आजही पहिला प्रश्न विचारतात, "तू कुणाचा?" या साध्या प्रश्नाचे उत्तर नीट शोधू लागलो, तर त्यातून इतिहास निघतो, गणित निघते, जीवशास्त्र निघते आणि कधी कधी एखाद्याचा जीव वाचविणारी माहितीही निघते. ती कशी, ते आपण पाहू या.

वंशावळी राखणारी माणसे

वंशावळी जपून ठेवण्याचे काम आपल्याकडे फार पूर्वीपासून चालत आले आहे. कोल्हापूर, सांगली या भागांत हेळवी येतात. घरोघर फिरून ते कुळाची हकिकत सांगतात आणि नवीन जन्मलेल्यांची नावे आपल्या वहीत चढवितात. डहाणूच्या पलीकडे गुजरातेत हेच काम वहीवंचा करतात. त्र्यंबकेश्वर-नाशिकला गेलात, तर तिथले तीर्थोपाध्याय आपल्या चोपड्या उघडून तुमच्या घराण्यातले कोण कधी येऊन गेले, ते दाखवितात. विसाव्या शतकात महाराष्ट्रातील अनेक घराण्यांनी आपापली कुलमंडळे स्थापन केली आणि 'कुलवृत्तांत' नावाचे जाडजूड ग्रंथ छापले. मूळ गाव, कुलदैवत, कोणती शाखा कोणत्या गावी गेली, कोणी काय व्यवसाय केला, अशी माहिती त्यांत पिढीवार क्रमांक घालून दिलेली असते. संमेलने भरवावयाची, दूरच्या शाखांना पत्रे लिहावयाची, जुनी कागदपत्रे मिळवावयाची आणि दर काही वर्षांनी पुरवणी काढावयाची, हे या मंडळांचे मुख्य काम.

परदेशांतही अशा संस्था आहेत. अमेरिकेत बोस्टन येथे १८४५ साली वंशावळींचा अभ्यास करणारी संस्था निघाली. सॉल्ट लेक सिटी येथे १८९४ साली निघालेल्या दुसऱ्या एका संस्थेने पुढे जगभर फिरून जुन्या नोंदवह्यांच्या सूक्ष्म फिल्मा घेतल्या. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीही त्यांत छायाचित्रे आहेत. तेथे जमलेल्या सुमारे २४ लाख फिल्मगुंडाळ्या संगणकावर उतरविण्याचे काम २०२१ साली पुरे झाले.

परंतु ज्यांच्या घरात वही नाही, त्यांना वंशावळ नसते असे मात्र समजू नका. डहाणू आणि तलासरी तालुक्यांत वारली समाजाची वस्ती मोठी आहे. तलासरीत तर दहांपैकी नऊ माणसे आदिवासी आहेत. वारल्यांमध्ये निरनिराळी कुळे असतात आणि एकाच कुळात लग्न करीत नाहीत. हा नियम पाळायचा तर कोण कोणाचा कोण, हे तोंडपाठ असावेच लागते. मग ही माहिती कागदाऐवजी वडीलधाऱ्या माणसांच्या डोक्यात राहते. अशी माहिती फार मोलाची असते आणि तितकीच नाजूकही असते. एक म्हातारी आत्या गेली की तिच्याबरोबर एका वहीइतकी माहिती नाहीशी होते.

या माहितीची गरज सरकारदरबारीही पडते. वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर वारसांची नावे लावताना तलाठ्याकडे वंशावळ द्यावी लागते. अनुसूचित जमातीच्या दाखल्याची पडताळणी करताना वंशावळीचे शपथपत्र जोडावे लागते, आणि ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा वाडवडिलांचा शाळेतला किंवा जन्ममृत्यूच्या वहीतला पुरावा असला तर तो फार उपयोगी पडतो. पणजोबांचे नाव आणि गाव ठाऊक नसल्यामुळे कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी कित्येक मुलांची धावपळ होते. तेव्हा हा केवळ हौसेचा विषय नव्हे.

दोनाचा पाढा

आता जरा गणित करू. तुम्हाला आई आणि वडील मिळून दोन जन्मदाते आहेत. आजी-आजोबा चार. पणजी-पणजोबा आठ. त्यांच्या वरच्या पिढीत सोळा. प्रत्येक पायरीला संख्या दुप्पट होते. म्हणजे 'न' पिढ्या मागे गेलो, तर पूर्वजांच्या जागा दोनाच्या 'न'व्या घाताइतक्या होतात.

दहाव्या पिढीत १,०२४ जागा आहेत. पहिल्यापासून दहाव्यापर्यंतच्या सर्व पिढ्यांची बेरीज केली, तर ती २,०४६ येते. आता एखाद्या जुन्या पद्धतीच्या वंशावळीत दहा पिढ्या दिलेल्या असतात, तेव्हा नावे किती असतात? वडील, आजोबा, पणजोबा असे करत फक्त दहा पुरुष! २,०४६ मधले दहा, म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. आईचे वडील त्यात नाहीत, वडिलांची आई त्यात नाही. ज्याला आपण घराण्याचा वृक्ष म्हणतो, ती खरे पाहता एका प्रचंड झाडाची एकच काडी असते.

गंमत पुढेच आहे. एक पिढी सरासरी २५ वर्षांची धरू. वीस पिढ्या म्हणजे ५०० वर्षे. पोर्तुगीज वसईच्या किनाऱ्यावर येऊ लागले, तो हा काळ. विसाव्या पिढीत तुमच्या पूर्वजांच्या जागा होतात १०,४८,५७६. डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांची मिळून लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे साडेपाच लाख होती. म्हणजे तुम्हा एकट्याच्या पूर्वजांच्या जागा दोन्ही तालुक्यांच्या त्या लोकसंख्येच्या जवळजवळ दुप्पट झाल्या!

आणखी दहा पिढ्या मागे जाऊ. तिसाव्या पिढीत, म्हणजे साडेसातशे वर्षांपूर्वी, १०७ कोटींहून अधिक जागा निघतात. त्या वेळी साऱ्या जगाची लोकसंख्या मिळून सुमारे ४० कोटी होती. मग उषवदाताच्या काळी? एकोणीसशे वर्षांच्या ७६ पिढ्या होतात, आणि दोनाचा ७६ वा घात सुमारे ७५ वर एकवीस शून्ये इतका भरतो. अकरावी-बारावीत गेल्यावर तुम्ही ॲव्होगॅड्रो संख्या शिकाल. बारा ग्रॅम कार्बनमध्ये जितके अणू असतात, ती ही संख्या. दोनाचा ७९ वा घात जवळजवळ तितकाच येतो. तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वी तुम्हाला एक 'मोल' पूर्वज असायला हवे होते!

इतकी माणसे पृथ्वीवर कधीच नव्हती. मग आपले गणित कोठे चुकले?

पूर्वज गेले कुठे?

गुणाकार बरोबर आहे. चूक एका गृहीतकात आहे. प्रत्येक जागेवर वेगळे माणूस आहे असे आपण न सांगता धरून चाललो. प्रत्यक्षात एकच माणूस अनेक जागांवर बसलेले असते.

एक उदाहरण घ्या. महाराष्ट्रातील पुष्कळ समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. असे लग्न झाले, तर मुलाचे वडील आणि आई हे आतेमामे भावंड असतात. वडिलांची आई आणि आईचे वडील ही सख्खी बहीणभाऊ असल्यामुळे त्यांचे आईबाप एकच. मग या मुलाला पणजी-पणजोबांच्या जागा आठ, पण माणसे सहाच. स्वतः तक्ता काढून मोजून पाहा.

नात्यात लग्न झाले नाही तरीही पाचदहा पिढ्या मागे हेच घडते. मुली आसपासच्या गावांत दिल्या जातात, आसपासच्या गावांतूनच सुना येतात. त्यामुळे वर जाताना फांद्या पसरतात, आणि काही अंतरानंतर पुन्हा एकमेकींना येऊन मिळतात. म्हणून खरे चित्र झाडासारखे नसते. ते मासेमारीच्या जाळ्यासारखे असते. डहाणूच्या किनाऱ्यावर वाळत टाकलेले जाळे आठवा. कोणत्याही एका गाठीपासून सुरुवात केली, तरी थोड्याच घरांत तुम्ही दुसऱ्या कोणत्याही गाठीपर्यंत पोहोचता.

हे किती लवकर घडते? अमेरिकेतील येल विद्यापीठातील जोसेफ चँग या संख्याशास्त्रज्ञांनी १९९९ साली याचे गणित मांडले. लोकसंख्या स्थिर आहे आणि लग्ने कोणाचीही कोणाशीही होतात असे मानले, तर सगळ्यांचा निदान एक पूर्वज सामाईक असण्यासाठी फार मागे जावे लागत नाही. लोकसंख्या भरेपर्यंत दोनाला जितक्या वेळा दुप्पट करावे लागते, जवळजवळ तितक्याच पिढ्या पुरतात. एकट्या डहाणू तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ४ लाख होती. दोनाचा एकोणिसावा घात ५,२४,२८८ होतो. तेव्हा या गृहीतकानुसार उत्तर येते सुमारे एकोणीस पिढ्या!

अर्थात खऱ्या जगात लग्ने अशी होत नाहीत. जात, जमात, भाषा आणि धर्म यांच्या भिंती असतात, आणि त्या जितक्या उंच तितक्या पिढ्या वाढत जातात. भौतिकशास्त्रात आपण घर्षण नाही असे धरून आधी सोपे उत्तर काढतो आणि मग घर्षण विचारात घेतो, तसेच हे आहे. परंतु भिंतींना एखादे जरी दार असले, तरी शेकडो वर्षांत त्यातून पुरेशी ये-जा होते. चँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली सबंध जगासाठी असाच हिशेब केला, तेव्हा सर्व मानवजातीचा शेवटचा सामाईक पूर्वज काही हजार वर्षांपूर्वीच होऊन गेला असावा असे दिसले. माणसाच्या दोनतीन लाख वर्षांच्या इतिहासात हा काळ अगदी कालपरवाचा. उच्च कुळाचा गर्व किंवा कुळ नसल्याची खंत, दोन्हीही या गणितापुढे टिकत नाहीत.

दोन अखंड धागे

पूर्वजांचे आपल्यात काय उरते? मुलाला आपल्या गुणसूत्रांपैकी निम्मी आईकडून आणि निम्मी वडिलांकडून मिळतात. एखाद्या पूर्वजाचा सरासरी वाटा दर पिढीला निम्मा होत जातो. किरणोत्सारी पदार्थ दर अर्धायुष्यकाळाला निम्मा उरतो, तसाच हा प्रकार. दहाव्या पिढीतल्या एका पूर्वजाचा वाटा सरासरीने १,०२४ वा भाग. आनुवंशिक द्रव्य सुट्या कणांनी न येता मोठ्या तुकड्यांनी येते, म्हणून त्या पिढीतल्या काही पूर्वजांचे तर आपल्यात काहीच उरलेले नसते.

परंतु दोन धागे असे वाटले जात नाहीत. 'वाय' हे गुणसूत्र वडिलांकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. आणि पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये जे थोडे डीएनए असते, ते फक्त आईकडून येते. मुलगा असो की मुलगी, तंतुकणिका आईच्याच. म्हणजे जुन्या वंशावळीत जी बापाची ओळ असते ती 'वाय' गुणसूत्रात सापडते. आणि वंशावळीत जी कधीच नसते, ती आई, आईची आई, तिची आई अशी ओळ तंतुकणिकांत लिहिलेली असते.

डहाणूच्या शेजारीच याचे एक सुरेख उदाहरण आहे. इराण सोडून आलेले पारशी संजाण येथे उतरले, ही हकिकत बहमन कैकोबाद यांनी १५९९ साली 'किस्सा-ए-संजाण' या फारशी काव्यात लिहिली. संजाण तलासरीला लागूनच गुजरातच्या हद्दीत आहे. पुढे संजाणवर स्वारी झाल्यावर पारशांनी आपला पवित्र अग्नी बहारोट डोंगरावरच्या गुंफांत बारा वर्षे जपला, असे परंपरा सांगते. या गुंफा बोर्डीजवळ, डहाणू तालुक्यातच आहेत. पारशी धर्मगुरूंच्या घराण्यांनी आपल्या वंशावळी काळजीपूर्वक राखल्या. पण त्या मुख्यतः बापाच्या ओळीच्या.

२०१७ साली हैदराबाद येथील पेशी व रेणुजीवशास्त्र केंद्रातील आणि इतर शास्त्रज्ञांनी पारशी लोकांच्या आनुवंशिक इतिहासावर संशोधन प्रसिद्ध केले. संजाणच्या उत्खननात सापडलेल्या जुन्या अस्थींतील डीएनएही त्यांनी तपासले. पारशी समाज इराणी लोकांना आनुवंशिक दृष्ट्या जवळचा आहे हे दिसलेच. परंतु संजाणच्या अस्थींपैकी ४८ टक्के अस्थींतल्या तंतुकणिका दक्षिण आशियातल्या निघाल्या. म्हणजे वसाहतीच्या सुरुवातीच्या काळात या भागातल्या स्त्रिया त्या समाजात सामावल्या गेल्या असाव्यात. त्यांची नावे कोणत्याही वहीत नाहीत. त्या होत्या एवढे मात्र त्यांच्या लेकरांच्या हाडांनी सांगितले.

विळ्याच्या आकाराच्या पेशी

वंशावळीत स्त्रिया नसणे, ही केवळ इतिहासातली उणीव असती तर एक वेळ चालले असते. पण आज त्यामुळे प्रत्यक्ष नुकसान होते. ते समजण्यासाठी आपण सिकलसेल या आजाराकडे वळू. महाराष्ट्रात विदर्भ, नंदुरबार, पालघर अशा ठिकाणच्या आदिवासी समाजांत हा आजार आढळतो, आणि डहाणू-तलासरी भागही त्यात येतो.

रक्तातल्या तांबड्या पेशींमध्ये हीमोग्लोबिन असते. प्राणवायू वाहून नेण्याचे काम त्याचे. हीमोग्लोबिनच्या एका प्रकारच्या साखळीत १४६ अमिनो आम्लांचे दुवे असतात. त्यांतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की सिकल हीमोग्लोबिन तयार होते. एवढासा हा फरक व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५७ साली दाखवून दिला. प्राणवायू कमी पडला की असे हीमोग्लोबिन एकमेकाला चिकटून लांबट दोऱ्या बनविते आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते. ही दहावीस दिवसांतच फुटते, म्हणून अंगात रक्त कमी राहते. वाकड्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात, त्यामुळे हातपाय, छाती, पोट यांत असह्य वेदना होतात आणि जंतुसंसर्गही लवकर होतो.

हा दोष जनुकाचा आहे आणि प्रत्येकाजवळ या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. दोन्ही प्रती सदोष असतील तरच आजार होतो. एकच सदोष असेल तर माणूस 'वाहक' असतो. त्याला सहसा काहीही त्रास होत नाही. उलट, अशा वाहकाला हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखविले. म्हणूनच जिथे हिवतापाचा जोर पिढ्यान्‌पिढ्या होता, तिथे हे जनुक टिकून राहिले.

दोन नाण्यांचा प्रयोग

आईवडील दोघेही वाहक असतील तर काय होईल? हे दोन नाण्यांनी करून पाहता येते. एक नाणे आईचे, दुसरे वडिलांचे. छापा म्हणजे निरोगी प्रत, काटा म्हणजे सदोष प्रत. दोन्ही नाणी एकदम उडवा आणि निकाल लिहा. असे शंभर वेळा करा. साधारणपणे २५ वेळा दोन्ही छापे (निरोगी मूल), ५० वेळा एक छापा व एक काटा (वाहक मूल) आणि २५ वेळा दोन्ही काटे (आजारी मूल) येतील. वर्गातल्या सर्वांचे निकाल एकत्र केलेत, तर प्रमाण या आकड्यांच्या आणखी जवळ येईल.

या प्रयोगातून दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, नाण्याला स्मरणशक्ती नसते. पहिले मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन निरोगी होणार, असे मुळीच नाही. प्रत्येक बाळंतपणाच्या वेळी चारांत एक ही शक्यता नव्याने असते. दुसरी, काटा-काटा पडण्यासाठी दोन्ही नाणी लागतात. मूल सतत आजारी पडते म्हणून सुनेला बोल लावणारी घरे असतात. त्यांना हा प्रयोग अवश्य दाखवा. दोष कोणा एकाचा नाही, आणि खरे तर कोणाचाच नाही.

गाळलेल्या लेकी

आता समजा, एखाद्या घरात एक मूल सिकलसेलचे निघाले. आणखी कोणाची तपासणी करावी? इथे वंशवृक्ष कामाला येतो. मुलाला हा आजार आहे, याचा अर्थ सामान्यतः आई आणि वडील दोघेही वाहक आहेत. वडिलांना सदोष प्रत त्यांच्या आईकडून किंवा वडिलांकडून आलेली असणार. मग वडिलांच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला ती मिळाली असण्याची शक्यता निदान निम्मी आहे. तेच आईच्या भावंडांचे. म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी यांची तपासणी आधी; त्यांच्यात जे वाहक निघतील त्यांच्या मुलांची नंतर. डोळे झाकून गावभर शोधण्यापेक्षा हे कितीतरी सोपे आहे.

परंतु घरच्या वंशावळीत फक्त पुरुषांची नावे असतील, तर काय होईल? आत्या आणि मावशी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेल्या आणि कागदावरून पुसल्या गेल्या. त्यांची मुले तर कोणाच्या लक्षातच नाहीत. ज्यांची तपासणी व्हायला हवी, त्यांतली निम्मी माणसे अशी निसटतात. उद्या त्यांच्यापैकी कोणाचे लग्न दुसऱ्या वाहकाशी झाले, तर तो सारा प्रकार पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. वंशावळीत लेकीचे नाव गाळणे, ही गोष्ट इतकी महाग पडू शकते.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करावयाची आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवावयाचा, असे त्याचे उद्दिष्ट आहे. बोटाच्या एका थेंबावर प्राथमिक चाचणी होते. तीत शंका आली तर प्रयोगशाळेत पक्की चाचणी करतात. आजार असलेल्यांना हायड्रॉक्सियुरिया या औषधाचा चांगला उपयोग होतो. वाहकाने लग्नाआधी जोडीदाराचीही चाचणी करून घ्यावी आणि दोघेही वाहक निघाल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. वाहक असणे हा आजार नव्हे, हेही सर्वांना सांगावे.

शाळेतले वंशवृक्ष मंडळ

हे सारे वाचून तुम्हाला आपल्या घराचा तक्ता काढावासा वाटला असेल. शिक्षकांच्या मदतीने शाळेत एक छोटे मंडळच काढा ना! कामाची रीत अशी ठेवता येईल.

१. चिन्हे. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ. पतिपत्नींना आडव्या रेषेने जोडा. तिच्यातून खाली मुलांसाठी रेषा काढा. भावंडे वयाच्या क्रमाने डावीकडून उजवीकडे. जगभरचे डॉक्टर हीच चिन्हे वापरतात.

२. दोन्ही बाजू. आईकडची माणसे वडिलांकडच्याइतकीच लिहा. प्रत्येक सुनेचे माहेरचे गाव आणि प्रत्येक लेकीचे सासरचे गाव नोंदवा. लहानपणी गेलेल्या बाळांनाही जागा द्या.

३. साल काढण्याची युक्ती. आजीला जन्मसाल विचारले तर ती हसेल. तिला घटना विचारा. १९४५ चा वारल्यांचा उठाव तुझ्या जन्माआधीचा की नंतरचा? १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा तू केवढी होतीस? धुंदलवाडीकडे २०१८ च्या नोव्हेंबरात भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हा हे मूल चालत होते का? अशा दोनतीन खुणांत साल पकडता येते.

४. पडताळा. एकाने सांगितले ते दुसऱ्याकडून तपासा. शाळेचा दाखला, सातबारा, ग्रामपंचायतीची जन्ममृत्यूची वही, जुन्या लग्नपत्रिका, यांच्याशी मेळ घाला. मग पिढीचे अंतर काढा. दोनशे वर्षांत बारा पिढ्या झाल्या असे कोणी सांगितले, तर एका पिढीला सतराच वर्षे येतात. मधे कोठे तरी भावांना बापलेक धरले असावे. पंचवीस ते तीसच्या आसपास आकडा आला, तर ठीक.

५. सांभाळून वागणे. कोणाचा आजार, कोणाचे दत्तक जाणे, कोणाचे मोडलेले लग्न या गोष्टी घरच्या असतात. त्या शाळेच्या भिंतीवर लावावयाच्या नाहीत. विचारल्याशिवाय लिहू नये आणि कोणी सांगू इच्छीत नसेल तर आग्रह धरू नये. ज्यांना आपले आईवडीलच ठाऊक नाहीत, अशा मित्राला ज्यांनी वाढविले त्यांची नावे लिहू द्यावीत. शिक्षकांनी इकडे विशेष लक्ष द्यावे.

पांडवलेणीच्याच तिसऱ्या लेण्यात आणखी एक शिलालेख आहे. तो गौतमी बलश्री या राजमातेने आपल्या नातवाच्या, म्हणजे वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या काळी कोरवून घेतला. त्यात तिचा मुलगा ओळखला जातो 'गौतमीपुत्र' सातकर्णी म्हणून. आजी, मुलगा आणि नातू अशा तीन पिढ्या, आणि नावांत आई दोनदा! एकोणीसशे वर्षांपूर्वी दगडावर जे लिहिता आले, ते आज वहीच्या पानावर लिहिणे काही अवघड नाही. दोन कागद, एक पेन्सिल आणि आजीचा एक मोकळा तास, एवढेच साहित्य लागेल. सुरुवात मात्र आईच्या आईपासून करा.